कोळंबीच्या खाद्यातली पेप्टाइड पावडर: एका हंगामाचा अनुभव

दाभोळ खाडीच्या काठी आमचे व्हॅनामेई कोळंबीचे दोन तलाव आहेत. गेल्या वर्षी विब्रिओ जिवाणूंनी बरेच पीक खाल्ले. निर्यातीच्या मालात प्रतिजैविकाचा अंश सापडला तर सगळा माल नाकारला जातो, त्यामुळे यंदा औषधाच्या वाटेला न जाता ‘प्रतिजैविकांना पर्याय’ असे छापलेली सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडांची पावडर आणली. उत्पादकाचे नाव देत नाही, कारण माझा आक्षेप पावडरीपेक्षा पिशवीवरच्या मजकुराला आहे.

वापर सोपा आहे. पावडर पाण्यात कालवून खाद्याला चोळायची, बाइंडर (ती खाद्याला चिकटून राहावी म्हणून लावायचा चिकट पदार्थ) लावून खाद्य सावलीत सुकवायचे. चेक ट्रेमध्ये (खाद्य किती खाल्ले ते पाहण्यासाठी तलावात सोडलेल्या तबकात) खाद्य उरले नाही, म्हणजे कोळंबीने ते आवडीने खाल्ले. ज्या तलावाला पावडर दिली तिथे मर कमी झाली हे खरे. पण पाण्यात हवा मिसळणारा नवा एअरेटरही त्याच तलावात बसवला होता, तेव्हा श्रेय कोणाला द्यावे हे मी ठरवू शकत नाही.

मूळ कल्पनेत तथ्य आहे. ही पेप्टाइडे म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या. बहुतेकांवर धन विद्युतभार असल्यामुळे त्या जिवाणूच्या ऋणभारित पटलाला चिकटतात आणि ते फोडतात. कोळंबीच्या रक्तातही अशी पेप्टाइडे असतात. पेनाइडिन नावाची पेप्टाइडे तर १९९७ साली व्हॅनामेईच्याच रक्तातून वेगळी काढली गेली. (म्हणजे आपण तिचेच हत्यार तिला विकत आणून देतो!) अडचण अशी की पोटात गेलेली पेप्टाइडे पाचकरस तोडून टाकतात, आणि यातली काही खारट पाण्यात दुबळी पडतात. खाडीच्या पाण्यात आणि कोळंबीच्या आतड्यात ही पावडर कशी तग धरते, याबद्दल पिशवीवर अवाक्षर नाही.

त्याहून गंभीर बाब म्हणजे पेप्टाइड कोणते आणि ग्रॅममागे किती, हेच लिहिलेले नाही. कोलिस्टिन हे प्रतिजैविकसुद्धा पेप्टाइडच आहे, आणि खाद्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत व मत्स्यशेतीत त्याच्या वापरावर भारत सरकारने २०१९ साली बंदी घातली आहे. तेव्हा नुसत्या ‘पेप्टाइड’ या शब्दावर निर्धास्त राहून निर्यातीचा माल पणाला लावणे मला धाडसाचे वाटते. पिशवीच्या मागे ‘जिवाणूंमध्ये रोध निर्माण होत नाही’ असा दावाही आहे; पण जिवाणूंना कोलिस्टिनला दाद न देण्याची ताकद देणारे, एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणारे जनुक २०१५ मध्येच चीनमध्ये सापडले होते, त्यामुळे इतके सरसकट विधान छापायला नको होते.

पाचपैकी दोन गुण देतो, तेही वापरण्याच्या सोयीसाठी. घटकांच्या तपासणीचा दाखला मी दुकानदाराकडे तीनदा मागितला. प्रत्येक वेळी ‘काका, कंपनीकडून मागवलाय’ एवढेच उत्तर मिळाले. पीक काढून झाले, दाखला आलेला नाही, आणि उरलेली अर्धी पिशवी पंपाच्या खोपीत बांधून ठेवली आहे.