यूव्हर्जन बायबल अ‍ॅप: घरात अडकला असाल तर एकट्याने वापरू नका

हे अ‍ॅप बहुतेक विश्वासणाऱ्यांच्या फोनमध्ये असतंच, पण बरेच जण आजचं वचन बघतात, स्टेटसला टाकतात आणि विषय संपला. आजारपणामुळे चर्चला जाणं बंद होतं त्या काळात मी ते नीट धुंडाळलं, त्यावरून लिहितेय.

आधी सगळ्यांना माहीत असलेलं. अ‍ॅप फुकट आहे, जाहिराती नाहीत, २००८ मध्ये अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअर सुरू झालं तेव्हापासून आहे आणि अमेरिकेतल्या लाइफ चर्च नावाच्या मंडळीने बनवलंय. मराठी पवित्र शास्त्र आहे, काही आवृत्त्या ऐकताही येतात, डोळे थकलेल्या माणसाला ते फार बरं पडतं. इथपर्यंत ठीकच.

पण खरी कामाची गोष्ट म्हणजे मित्रांसोबत वाचनाचा प्लॅन. वाचायचा प्लॅन निवडायचा, कधीपासून सुरू करायचं ती तारीख टाकायची, दोघा-तिघांना बोलवायचं, मग रोजचा भाग वाचून झाला की खाली चर्चेसाठी जागा येते तिथे लिहायचं. ऐकायला काहीच वाटत नाही यात, पण घरात बसून वाचताना मन भरकटतं, पान उघडं आणि डोकं दवाखान्याच्या बिलात, अशा वेळी आपण काय लिहितोय याची कोणीतरी वाट बघतंय एवढ्याने सुद्धा माणूस नीट वाचतो.

आम्ही तिघींनी बायबलच्या नव्या करारातलं, पौलाने लिहिलेलं फिलिप्पैकरांस पत्र घेतलं. चारच अध्याय, पण सावकाश. सुरुवातीला खाली नुसते हात जोडलेले इमोजी आणि आमेन, आमेन, आमेन! मग चौथ्या अध्यायातलं प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा हे आलं तेव्हा आमच्यातली एक सरळ लिहून मोकळी झाली, की सांगायला काय जातंय, इथे येऊन बसा म्हणावं चार भिंतीत. त्यावर दुसरीने लिहिलं, अगं पौल स्वतः बेड्यांत होता हे लिहिताना, पहिला अध्याय परत बघ. तिथून खरी संगती सुरू झाली असं मी म्हणेन. परत मागे गेलो तर दुसऱ्या अध्यायातला एपफ्रदीत सापडला, जो पौलासाठी मदत घेऊन गेला, तिकडे मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला आणि त्याला चिंता कसली, तर आपण आजारी असल्याचं फिलिप्पैच्या मंडळीला कळलंय याची! इतकी वर्षं हे पत्र ऐकतेय पण हा माणूस कधी डोळ्यात भरलाच नव्हता, स्वतः अंथरुणावर असल्याशिवाय तो दिसत नाही बहुतेक. आणि युवदीया व सुंतुखे, दोघी चांगल्या कामाच्या बायका पण आपसात पटत नाही, पौल लांबून दोघींना समजावतोय. आम्ही यावर बराच वेळ हसलो, का ते सांगत नाही.

प्रार्थनेची यादी करायची सोयही आहे, विनंती मित्रांना पाठवता येते आणि त्यांनी प्रार्थना केली की बटण दाबून तसं कळवायचं. मला ते कोरडं वाटलं. कोणी आपलं नाव घेऊन मोठ्याने प्रार्थना करतंय ते कानाने ऐकायला हवं, म्हणून त्यासाठी आम्ही सरळ ग्रुप कॉल करायचो. कॉलवर एक नियम ठेवा, पहिल्यांदा जी सगळ्यात कमी बोलते तिने बोलायचं, नाहीतर एकच जण सगळा वेळ खातो.

स्ट्रीक हा प्रकार मला आवडत नाही. सलग किती दिवस अ‍ॅप उघडलं याचा तो आकडा, तरुण पोरांना मजा वाटत असेल, पण तापाने फणफणलेल्या माणसाला तो तुटला म्हणून उगाच अपराधी वाटतं, देव काय हजेरी मांडून बसलाय का! दुर्लक्ष करा. दुसरं म्हणजे मराठीतले प्लॅन इंग्रजीच्या मानाने बरेच कमी आहेत, म्हणून एखादं छोटं पत्र धरलेलं बरं, फिलेमोनाला पत्र तर २५ वचनांचं आहे, तेही कैदेतूनच लिहिलेलं.

आणि अ‍ॅपमुळे चर्चची गरज भागते असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये मिळून घेतात ती भाकर आणि द्राक्षरस, फोनवर येत नाही. याकोबाच्या पत्रात ५:१४ मध्ये आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्च सांभाळणाऱ्या ज्येष्ठांना, बोलवावं असं आहे, म्हणजे बोलवायचं काम आजाऱ्याचं, आपण मात्र कोणी येत नाही म्हणून रुसून बसतो. पाळकांना फोन करा, लाजू नका.

पाचपैकी चार स्टार. एकट्याने वापरणार असाल तर तीनच. गट तिघा-चौघांपेक्षा मोठा करू नका, आणि त्यात निदान एक जण असा घ्या जो आमेनच्या पुढे काहीतरी लिहील.