कायद्याची झेरॉक्स दाखवून आम्हाला लुटलं

गुप्तधनाची फसवणूक म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे लिंबू, हळद-कुंकू आणि अमावस्येची रात्र येते. आमच्याकडे यातलं काहीच झालं नाही. सगळं दिवसाढवळ्या झालं. करणारा माणूस इस्त्रीच्या शर्टातला, पूजा-बिजा मानत नाही असं स्वतःहून सांगणारा. मांत्रिक आला असता तर मी त्याला उंबऱ्यावरूनच घालवलं असतं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, तेव्हा मी शाळेत लिपिक होतो आणि त्याचं परिपत्रक मीच फाईलला लावलं होतं. पण या माणसाच्या हातात धातू शोधायचं यंत्र होतं आणि कायद्याची झेरॉक्स होती. कागदावर माझा विश्वास बसतो, हे त्याने पहिल्या भेटीतच ओळखलं.

आमची चार एकर जमीन मंगळवेढा तालुक्यात, माचणूरपासून दुचाकीवर वीस मिनिटांवर. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं तिथे भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती. त्यामुळे आमच्या भागात पुरलेल्या धनाच्या गोष्टींना तोटा नाही. आमच्या शेताच्या कडेला पांढरीचं, म्हणजे जुन्या गावठाणाचं, टेकाड आहे. पहिला पाऊस पडून गेला की त्यावर खापऱ्या उघड्या पडतात, कधी तांब्याची शिवराई सापडते. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ अशी अक्षरं आम्ही लहानपणी चिंचेने घासून वाचलेली आहेत. आजी म्हणायची, टेकाडाखाली हंडा आहे. आम्ही हसत होतो, पण विसरलो मात्र कुणीच नव्हतो.

गेल्या गड्ड्याच्या यात्रेत माझा पुतण्या त्या माणसाला आमच्या सोलापूरच्या घरी घेऊन आला. त्याआधी महिनाभर पुतण्या मला इंग्लंडचे व्हिडिओ दाखवत होता. त्यातली एक हकिकत खरी आहे, मी नंतर नीट वाचून खात्री केली. १९९२ साली सफोक परगण्यात हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधायला त्याचा मित्र मेटल डिटेक्टर घेऊन गेला आणि त्याला रोमन काळातली सुमारे १५ हजार नाणी सापडली. त्याने पुढे न खणता लगेच कळवलं, पुरातत्त्ववाल्यांनी येऊन ठेवा मातीसकट बाहेर काढला. साडेसतरा लाख पौंड बक्षीस मिळालं आणि त्याने ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडासुद्धा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्या माणसाला बक्षिसासाठी आधी कुणाकडे पैसे भरावे लागले नव्हते, एवढं माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

“अण्णा, आपल्याकडंपण कायदा हाय की,” तो यंत्रवाला म्हणाला आणि पिशवीतून झेरॉक्स काढली. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८, म्हणजे पुरलेल्या धनाचा कायदा. कागद अस्सल होता. त्याने खुणा करून दाखवलेल्या ओळीही अस्सल होत्या. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली, तर कलेक्टरला लेखी कळवायचं. कुणी मालक पुढे आला नाही आणि शोधणारा व जागेचा मालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक हिस्सा जागामालकाचा. “जागा तुमची, शोधणारे बी तुम्हीच. म्हणजे सगळं तुमचंच. मला फक्त यंत्राचं भाडं द्या.” मला हे फार सरळ वाटलं. चोरून काही करायचं नाही, सरकारला कळवायचं आणि हक्काचं घ्यायचं.

त्याने न दाखवलेल्या ओळी आता सांगतो. तो ठेवा सरकारला स्वतःकडे ठेवायचा असेल, तर धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश देऊन कलेक्टर तो घेऊ शकतो. इंग्लंडसारखा बाजारभाव नाही. तो मात्र आकडे इंग्लंडचे सांगत होता आणि कलमं आपली दाखवत होता.

त्याच्याकडे यंत्रं दोन होती. एक खरं, गोल थाळीचं, कानाला हेडफोन लावायचं. अंगणात त्याने मला पाच रुपयांचं नाणं पुरायला लावलं आणि पाठ करून उभा राहिला. यंत्राने ते बरोबर शोधलं. माझा अर्धा विश्वास तिथेच बसला. पण असलं यंत्र सुटं नाणं वीतभर, फार तर हातभर खोलीवरचं सांगतं. त्यात आपला काळा दगड लोहाचा, त्यावर ते उगाच कुरकुरतं. म्हणून ‘खोलवरच्या’ कामाला त्याने दुसरं यंत्र काढलं. मुठीच्या आकाराची डबी आणि तिच्यावर सैल फिरणारी लांब दांडी, अँटेनासारखी. शंभर मीटरवरचं सोनं-चांदी ओळखतं म्हणाला. दांडी टेकाडाकडे वळली. ती मनगटाच्या नकळत हालचालीने वळते, आत काहीच नसतं. अशीच दांडी लावलेली यंत्रं बॉम्बशोधक म्हणून इराकला विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला ब्रिटनमध्ये २०१३ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. तिथल्या तपासणी नाक्यांवर माणसं तसल्या डबीवर जीव टाकून उभी होती. मग आम्हाला शेतात ती खरी वाटली यात नवल नाही. पण तुम्ही तरी आता ती ओळखा. सैल दांडी दिसली की माणसाला चहा द्या आणि वाटेला लावा.

पाहणीचे पंधरा हजार रोख घेतले. यंत्रांचं चार दिवसांचं भाडं चाळीस हजार. ऊसाचं बिल नुकतंच आलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आणि पुतण्या डबा खायला झाडाखाली गेलो होतो. परत येऊन थाळी फिरवली तर ती ओरडायला लागली. कमरेइतक्या खड्ड्यात पितळेचा तांब्या निघाला, तोंड लाखेने बंद. आत तेवीस रुपये, राणी व्हिक्टोरियाचे, सगळ्यांवर १८४० साल. माझे हात कापत होते. तांब्यातून नाण्यांबरोबर माती सांडली ती लाल मुरुमाची होती. आमची पांढर राखेसारखी, शेत काळं. लाल मुरूम आमच्या शिवारात नाही. मी ते पाहिलं. पाहून गप्प बसलो, कारण तेव्हा मला ते पाहायचंच नव्हतं.

त्या संध्याकाळपासून त्याचा आवाज बदलला. झेरॉक्सचं दुसरं पान निघालं. कलम २०: ठेवा सापडल्याचं कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद. हेही खरंच आहे. “आता हे घरात ठिवलं तर तुमी गुन्हेगार, अण्णा.” मग म्हणाला, नाणी तो सरकारी तिजोरीत जमा करेल आणि कायद्याप्रमाणे तारण म्हणून एक लाख वीस हजार भरावे लागतील. पंधरा दिवसांत बक्षिसाबरोबर परत मिळतील. बक्षीस किती? नाणी दुर्मिळ आहेत, अठरा लाख तरी. कलमात ‘तारण’ हा शब्द आहे, तो मी माझ्या डोळ्यांनी वाचला. पण वाक्य असं आहे की ठेवा तिजोरीत जमा करा किंवा कलेक्टरला तारण द्या. दोन्ही नाही. आणि तारण कलेक्टरला, मधल्या माणसाला नाही. तेहतीस वर्षं मी सरकारी कागद वाचले आणि त्या रात्री ‘किंवा’ हा शब्द माझ्या नजरेतून सुटला.

सत्तर हजार फोनवरून पाठवले, पन्नास रोख. रोख रकमेसाठी हिने पाटल्या गहाण ठेवल्या. ती एवढंच म्हणाली, “अहो, एकदा कलेक्टर ऑफिसात जाऊन विचारून तरी या.” मी म्हणालो, गाजावाजा होईल, भाऊबंद उभे राहतील. त्याने नेमकं हेच मला आधी पढवून ठेवलं होतं.

त्याने शिक्क्याची पावती दिली, एकवीस नाणी नेली आणि ‘खात्रीसाठी’ दोन माझ्याकडे ठेवली. आठवडाभर फोन उचलला, मग बंद. एकोणिसाव्या दिवशी मी ती दोन नाणी सराफ बाजारात एका जुन्या संग्राहकांकडे नेली. त्यांनी आधी काटा काढला. त्या काळचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळा. माझी दोन्ही नऊच्या आसपास. मग भिंग दिलं. दोन्ही नाण्यांवर राणीच्या मानेखाली एकाच जागी, एकाच आकाराचा ओरखडा. “वापरात पडलेला ओरखडा प्रत्येक नाण्याचा वेगळा असतो,” ते म्हणाले. “हा साच्यातला आहे.” कडेला ओतकामाच्या जोडाची बारीक रेघ होती. घरी येऊन मी हिशोब मांडला. तेवीसच्या तेवीस खरे असते, तरी ती चांदी पाव किलोहून जरा जास्त. तिची किंमत मी भरलेल्या पावणेदोन लाखांएवढीही झाली नसती.

मग कलेक्टर कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी पावती उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, “काका, याला फी नसते. एका अर्जावर काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला, एवढं लिहायचं.” त्यानंतर जाहीर सूचना निघते. हक्क सांगणाऱ्यांना ती निघाल्यापासून चार महिन्यांनंतरची आणि सहा महिन्यांच्या आतली तारीख मिळते. म्हणजे ‘पंधरा दिवसांत बक्षीस’ हे शब्दच खोटे.

पोलिसांत जायला मला आणखी आठ दिवस लागले, कारण ते कलम २० डोक्यात बसलं होतं. माझ्या हातात जे आलं ते कुणीतरी पुरलेलं बनावट सामान होतं. फसवणूक झालेला मी होतो. तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली घेतली. फोनवरून पाठवलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करायला हवा होता. महिन्याने केला, तोवर खातं रिकामं झालं होतं. पुतण्याला त्याने हजार-दोन हजारांची लालूच दाखवली होती, एवढंच. पोरगं अजून माझ्यासमोर मान वर करत नाही. मी त्याला दोष देत नाही.

मागच्या महिन्यात बार्शीकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला, पाहुण्यांकडून माझा नंबर मिळवून. म्हणाला, आमच्या वाड्याच्या मागं तांब्या निघालाय, तारण भरायचंय, तुमचा अनुभव काय? मी विचारलं, नाणी तेवीस आहेत का? तो गप्प झाला. मग विचारलं, तांब्यात माती कसल्या रंगाची निघाली?

“लाल,” तो म्हणाला. “आमची काळी हाय.”

पैसे त्याने अजून दिले नव्हते. सकाळी साडेनऊला तो पोलीस ठाण्याच्या दारात उभा होता, तांब्या घेऊन.