आठ महिने, अकरा रोल: डेल्टा ३२०० आणि गोव्याची हवा

पहिला रोल त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटीच्या काठावर फोटोंनी भरला. अकरावा गेल्या आठवड्यात धुतला, बाहेर धो धो पाऊस असताना. मधल्या आठ महिन्यांत इल्फर्डच्या डेल्टा ३२०० या कमी उजेडासाठीच्या कृष्णधवल फिल्मबद्दल जे हाती लागलं ते लिहितो.

पहिला रोल फुकटच गेला. खोक्यावर ३२०० म्हणून कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर ३२०० वर, तोही थेट दिव्यांवर रोखलेला. काठावर माणसांची ही दाटी, पण निगेटिव्हवर उतरल्या फक्त ज्योती. मग माहितीपत्रक नीट वाचलं. फिल्मचा मोजलेला वेग, म्हणजे प्रकाश टिपायची ताकद, आयएसओ १००० आहे. ३२०० पर्यंत तिला डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, जास्त वेळ ठेवून ओढायचं असतं. त्याने उजेडाचा भाग चढतो, पण सावलीत जिथे काही उमटलंच नाही तिथे डेव्हलपर तरी काय करणार? तेव्हापासून मीटर १६०० वर आणि धुलाई ३२०० ची. निगेटिव्ह थोडी जाड, म्हणजे गडद येते, पण चेहरे येतात.

देवळातल्या जत्रेच्या नाटकात ही सवय खरी उपयोगी पडली. माझा पेंटॅक्स के१००० कॅमेरा सगळ्या चौकटीची सरासरी धरतो. मागे काळा पडदा असला की राजाचा चेहरा भाजून निघतो. म्हणून नाटक सुरू होण्याआधी रंगमंचाजवळ जाऊन स्वतःच्या तळहातावर मीटर घेतो, एक स्टॉप उघडतो, म्हणजे दुप्पट प्रकाश आत घेतो, आणि पहाटेपर्यंत आकड्यांना हात लावत नाही. लेन्सचं छिद्र एफ/२ ला मोठं उघडलं की साठाचा, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागाचा शटर बहुतेक वेळा पुरतो. दुसऱ्या दिवशी उरलेल्या चौकटी मिरामारच्या किनाऱ्यावर उन्हात संपवायचा मोह मात्र आवरा. या कॅमेऱ्याचा शटर हजारापुढे जात नाही, छिद्र एफ/२२ इतकं बारीक केलं तरी प्रकाश जास्तच होतो.

आता न्हाणीघर, माझी फिल्म धुण्याची जागा. डेव्हलपर इल्फर्डचा डीडी-एक्स, एक भाग त्याचा आणि चार भाग पाणी. ३२०० साठी २० अंशांना साडेनऊ मिनिटं. पण २० अंश आणायचे कुठून? एप्रिलमध्ये आमच्या नळाचं पाणी ३० च्या खाली उतरत नव्हतं. बादलीत बर्फ टाकून २० गाठायचा हट्ट मी तीन रोल केला. मिनिटामिनिटाला पारा वर. शेवटी २४ अंशांवर तह केला. तिथे माझा वेळ सात मिनिटांवर स्थिरावला. फक्त डेव्हलपर थंड आणि धुण्याचं पाणी कोमट असं करू नका. फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन), पाणी सगळं त्याच बादलीत बसवा. शेवटी वाहत्या पाण्याऐवजी टँक (फिल्म धुण्याचा बंद डबा) भरून पाच, मग दहा, मग वीस वेळा उलटा करतो. थोड्याशा थंड पाण्यात भागतं. आईचा प्रश्न ठरलेला: ‘‘फ्रीजमधला बर्फ कोणी संपवला?’’

चेंजिंग बॅगचं, म्हणजे हात घालून आत फिल्म टँकच्या रिळावर चढवायच्या काळ्या पिशवीचं, दुखणं वेगळं. मे महिन्यात आत हात घातला की पाच मिनिटांत घाम, आणि ओलसर फिल्म प्लास्टिकच्या रिळात अडकते. एक रोल असाच मधोमध चुरगळला. आता रात्री न्हाणीघराच्या दाराच्या फटीला टॉवेल लावून अंधारातच फिल्म रिळावर चढवतो. फ्रीजमधून काढलेला रोलही दोनेक तास डबीतच राहू द्यायचा, नाहीतर दमट हवा थेट फिल्मवर धरते.

ग्रेन, म्हणजे चित्रातले दाणे? आहेत, भरपूर आहेत. समईच्या उजेडातल्या म्हातारीच्या चेहऱ्याला ते शोभतात, दुपारच्या आभाळात नुसती वाळू वाटते. गुळगुळीत चित्र हवं असेल तर इल्फर्डचीच कमी वेगाची एचपी५ घ्या आणि तिपाई सोबत ठेवा. शिवाय ही फिल्म महाग आहे, आणि वेगवान असल्याने पडून राहिली की लवकर धुरकटते. साठा करण्यात अर्थ नाही.

पावसाळ्यात वाळवणं हे सगळ्यांत कंटाळवाणं काम. टांगलेली पट्टी संध्याकाळपर्यंत चिकट राहते. सिलिका जेलच्या पुड्या टाकून निगेटिव्ह स्टीलच्या डब्यात ठेवायला लागलो, कारण मागच्या वर्षीच्या एका पट्टीवर बुरशी चढली होती. बारावा रोल फ्रीजच्या दारात आहे. तो चवथीत विसर्जनाच्या रात्री भरणार, माशेलच्या सांगोडाला, म्हणजे होड्या जोडून केलेल्या तराफ्यांच्या उत्सवाला.