कटरा-श्रीनगर वंदे भारत: खिडकीसाठी भांडू नका, पण जा नक्की

या मार्गावरच्या चिनाब नदीवरील कमानीच्या रेल्वे पुलाचे ड्रोनवाले व्हिडिओ बघून तिकीट काढणार असाल तर आधीच सांगते, गाडीत बसून पूल तसा दिसत नाही. कमान आपल्या खाली असते, खिडकीतून दिसते ती खोल दरी आणि तळाला बारीकशी नदी, आणि 1315 मीटरचा पूल लोक मोबाईल काढेपर्यंत संपतो पण. कटरा ते बनिहाल 111 किमी आहे आणि त्यातले 97 किमी बोगदे, म्हणजे काचेत बराच वेळ आपलंच तोंड दिसतं. आमच्या डब्यात सुरुवातीला खिडकीवरून बऱ्यापैकी वाद झाले, रियासी गेल्यावर सगळे गप्प.

तरी माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

गाडी छान आहे, स्वच्छ आहे, साधारण तीन तासात श्रीनगर. थंडीसाठी वेगळी बनवलीय, पाण्याचे पाइप आणि टॉयलेटच्या टाक्या गोठू नयेत म्हणून हीटर, ड्रायव्हरची पुढची काच पण गरम होते. चेअर कारचं तिकीट गाडी सुरू झाली तेव्हा सातशे रुपयांच्या आसपास होतं. एवढं पुरे, कारण खरी गोष्ट डब्यातली नाहीच.

माझ्या शेजारी बनिहालला उतरणारे एक चाचा होते, जम्मूला डॉक्टरकडे जाऊन परत चालले होते. मी त्यांना पुलाबद्दल विचारत होते आणि ते मला जम्मू-श्रीनगर हायवेवरच्या रामबनच्या रस्त्याबद्दल सांगत होते. दरड पडली की हायवे बंद, मग पेशंट असो की परीक्षेला निघालेली पोरं, सगळे अडकून. 2025 च्या एप्रिलमध्ये रामबनला ढगफुटी होऊन रस्ता बंद पडला, परत ऑगस्ट-सप्टेंबरात तेच, ऐन सफरचंदाच्या हंगामात ट्रकच्या ट्रक उभे आणि पेट्यांमध्ये माल सडतोय. त्याच सप्टेंबरात बडगामहून दिल्लीला सफरचंदाची पार्सल गाडी सुरू केली. मला विचाराल तर या लाईनचं खरं उद्घाटन तेच.

लोक म्हणतात ही लाईन व्हायला इतकी वर्षं का लागली. प्रोजेक्ट मंजूर 1994-95 चा, 2002 मध्ये राष्ट्रीय प्रकल्प जाहीर झाला, शेवटचा तुकडा 6 जून 2025 ला चालू. उशीर झालाच, पण तिथला डोंगर बघितला की निम्मं उत्तर मिळतं. हिमालय कच्चा आहे, बोगद्यात खडकाऐवजी चिखल आणि पाणी यायचं, 2008 च्या सुमारास पुलाचं काम थांबवून लाईन कुठून न्यायची तेच परत तपासलं, आणि काम सुरू करायला आधी डोंगरात दोनशे किमीहून जास्त रस्ते कापावे लागले. मला प्लॅनिंगमधली आवडलेली गोष्ट म्हणजे जम्मूकडून लाईन पोचायची वाट न बघता 2008 मध्येच खोऱ्याच्या आत गाडी सुरू केली. डबे ट्रेलरवर घालून घाटातून नेले! सतरा वर्षं ती गाडी बाकी देशाच्या रुळाला जोडलेलीच नव्हती, पण काश्मिरी माणसाला तोवर ट्रेनची सवय झाली, शाळाकॉलेजची पोरं, नोकरदार सगळे त्यातून जाऊ लागले.

आणि हो, चिनाब आणि अंजी हे दोन्ही पूल ज्या टप्प्यात येतात ते काम कोकण रेल्वेकडे होतं. मी कणकवलीची, त्यामुळे तो पूल ओलांडताना ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू.

आता अर्धा मार्क का कापला ते. मी बसले त्या गाडीला मध्ये फक्त बनिहालचा थांबा होता. ज्यांच्या डोंगरातून बोगदे गेले, ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या बक्कल, कौरी, दुग्गा, सावलकोटच्या लोकांनी या गाडीकडे नुसतं बघायचं का? कोकणी माणसाला हे वेगळं सांगायला नको, घराजवळून गाडी धाडधाड जाते आणि थांबत नाही याचं दुःख आम्हाला माहितीय. हायवे बंद होता तेव्हा सप्टेंबरात काही दिवस कटरा-संगलदान लोकल चालवली होती, म्हणजे जमतं ना. मग तशी रोज हवी, कमी तिकिटात, दूधवाल्याला आणि शाळेतल्या पोरीला परवडेल अशी. वंदे भारतच्या सीटा आम्ही टूरिस्टच सुट्टीत भरून टाकतो, स्थानिक माणसाला ऐनवेळी तिकीट मिळणं अवघड, त्याच्यासाठी थोडा कोटा तरी ठेवा. कोट्यवधी रुपये रुळात घातलेत, आता चार साधे डबे घालायला काय हरकत आहे.

जाणाऱ्यांसाठी: मी गेले तेव्हा दिल्लीहून थेट गाडी नव्हती, कटऱ्याला उतरून बदलायला लागली, आणि तिथे सामानाची तपासणी कडक आहे, दीड-दोन तास हाताशी ठेवा, म्हातारी माणसं बरोबर असतील तर कटऱ्याला एक रात्र मुक्काम करा. सकाळची गाडीच घ्या, कारण पीर पंजालचा 11 किमीचा बोगदा संपून काझीगुंड आलं की पुढे सगळं उघडं आहे, शेतं, सफेद्याची (पॉपलरची) झाडं, लांबवर बर्फ, बघायचं ते तिथून पुढे आहे. श्रीनगर स्टेशन नौगामला आहे, दल लेकपासून लांब, टॅक्सीचा रेट बसायच्या आधी ठरवा.