हिरवी खूण दाखवून उकळलेले ८५,००० रुपये

रत्नागिरीतल्या बागायतदारांच्या हापूसच्या पेट्यांची मागणी थेट ग्राहकांकडून नोंदवून घेणारे ॲप आम्ही चालवतो. त्याच्या स्वयंचलित चाचण्या आणि रिलीजची पाइपलाइन (प्रत्येक बदल आधी तपासून मगच ग्राहकांपर्यंत पोहोचवणारी साखळी) गिटहब ॲक्शन्स या सेवेवर बसवून देतो, असे सांगून एका तथाकथित तज्ज्ञाने आमचे ८५,००० रुपये लाटले: ४०,००० आगाऊ, ३०,००० पाइपलाइन ‘चालू’ झाल्यावर आणि १५,००० देखभालीपोटी.

ॲपमधल्या प्रत्येक बदलापुढे ‘पास’ सांगणारी हिरवी खूण उमटत असे. एकदा लॉग (त्या कामाची नोंद) उघडला, तर वर ती खूण आणि खाली ‘प्रोसेस कम्प्लीटेड विथ एक्झिट कोड १’ ही ओळ. शून्याखेरीज कोणताही एक्झिट कोड म्हणजे आज्ञा फसली, एवढे आम्हालाही ठाऊक होते आणि पाल तिथेच चुकचुकायला हवी होती. पण ऐन हंगामात, ज्या माणसाला नेमके याच जबाबदारीचे पैसे मोजले होते, तो ‘ही निव्वळ सूचना आहे’ असे ठामपणे सांगत असताना त्याच्यावर विश्वास ठेवणे गैर कसे ठरते? त्याने चाचणीच्या पायरीला ‘कंटिन्यू-ऑन-एरर: ट्रू’ जोडून ठेवले होते. चाचणी नापास झाली तरी काम पास! वर्कफ्लोची, म्हणजे पाइपलाइनच्या पायऱ्या लिहिलेली फाइल स्वतः उघडून हे शब्द शोधा.

पाच डझनांच्या पेटीला दोन डझनांचा दर लावणारा बदल असाच ग्राहकांपर्यंत गेला. ती चूक पकडणारी चाचणी होती, ती नापासही झाली होती. २७,६०० रुपयांचा फरक आम्ही सोसला, कारण बागायतदाराचा पैसा बुडवणे आम्हाला शक्य नव्हते. हप्ता देण्यापूर्वी एक चाचणी मुद्दाम मोडा; लाल खूण आली नाही, तर पैसे देऊ नका.

बँकेने ‘यूपीआयने पैसे तुम्हीच पाठवलेत’ म्हणून हात झटकले. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली गेली, पण पुढे हालचाल नाही. पोलीस ठाण्यात तर ‘काम झालेले दिसते, ही दिवाणी बाब आहे’ असे ऐकवण्यात आले. फाइल दाखवू लागलो, तेव्हा स्क्रीनशॉटच्या छापील प्रती आणायला सांगितले, आणि त्या नेल्यावर त्या वाचू शकणारा अधिकारी जागेवर नव्हता. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे, हे पोलिसांना आम्ही सांगायचे काय? अशा माणसाला दिलेल्या सर्व्हरच्या किल्ल्या आणि गिटहबवरील सीक्रेट्स (तिथे साठवलेले पासवर्ड वगैरे) त्याच दिवशी बदला. तक्रारीची वाट पाहू नका.

आता पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज दिला असून, त्या लॉगची आणि ‘कंटिन्यू-ऑन-एरर’च्या ओळीची छापील प्रत मराठी स्पष्टीकरणासह सोबत जोडली आहे.