मारुती ८०० चा कॅमशाफ्ट घरी बदलताना: खोक्यातला घ्यावा की सुटा?

माझी मारुती ८०० ही १९९७ सालची, कार्बोरेटरची गाडी आहे. गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या टॅपेट कव्हरखालून टिकटिक आवाज येऊ लागला. टॅपेट सेट केले, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट पुन्हा लावली, की तो आठवडाभर थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. खंबाटकीच्या घाटात जिथे तिसरा गिअर पुरत असे, तिथे गाडी दुसरा मागू लागली. कव्हर उघडून इंजिन हाताने फिरवले, तेव्हा कॅमशाफ्टवरचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरचा, मधल्या सिलिंडरचा एक्झॉस्टचा लोब (उंचवटा) टोकाशी चपटा झालेला दिसला. मायक्रोमीटरने मोजल्यावर तो शेजारच्या एक्झॉस्ट लोबपेक्षा जवळजवळ अर्धा मिलिमीटर कमी भरला. लोब इतका झिजला की व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाही आणि जळालेला वायू पूर्णपणे बाहेर पडत नाही, त्यामुळे टॅपेटची फट कितीही अचूक लावली तरी गेलेली ताकद परत येत नाही.

नवा कॅमशाफ्ट घेण्यासाठी मी पुण्याच्या नाना पेठेत गेलो. तिथे दोन पर्याय मिळाले: कागदात गुंडाळलेला, कोणाचेही नाव नसलेला सुटा शाफ्ट, आणि त्याच्या जवळजवळ दुप्पट किमतीचा, कंपनीच्या खोक्यातला मूळ भाग. दोन्हींत फरक काय आहे हे स्वतः पाहावे, म्हणून परत करण्याच्या बोलीवर मी दोन्ही घरी आणले.

सुट्या शाफ्टचे लोब नजरेला चांगले होते आणि मापातही फारसे चुकलेले नव्हते. मात्र एका जर्नलवरच्या (शाफ्ट ज्यावर टेकून फिरतो तो गोल भाग) ऑइलच्या छिद्रावरून नख फिरवले, तेव्हा ते कडेला अडकले. ड्रिल मारल्यानंतर राहिलेली धातूची बारीक बर तिथे कोणीच साफ केलेली नव्हती. एखाद्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण या इंजिनात ती क्षुल्लक नाही. ८०० च्या हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) कॅमशाफ्टला वेगळे बेअरिंग नसते, तो थेट हेडच्या अॅल्युमिनियममध्ये फिरतो, आणि फिरताना त्या बरीने अॅल्युमिनियमवर चरे पाडले तर ऑइलचा दाब कमी होऊन शाफ्टबरोबर संपूर्ण हेडच निकामी होते. खोक्यातल्या शाफ्टच्या सर्व छिद्रांच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या होत्या, जर्नलवर नख कुठेही अडकले नाही, आणि तिन्ही एक्झॉस्ट लोबच्या उंचीत ०.०२ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आढळला नाही. मी सुटा शाफ्ट दुसऱ्या दिवशी परत केला आणि दुकानदारानेही वाद न घालता पैसे दिले, हे नोंदवले पाहिजे.

बसवण्याच्या कामाला माझे दोन रविवार गेले. हेड उतरवून मी ते लेथवाल्याकडे नेले आणि जर्नलची भोके मोजून घेतली. ती मर्यादेत आहेत हे कळेपर्यंत मी नव्या शाफ्टला ऑइलही लावले नव्हते, कारण झिजलेल्या हेडमध्ये नवा शाफ्ट घालणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. लोब का झिजला, याचे उत्तर रॉकर शाफ्टमध्ये, म्हणजे लोबची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारे रॉकर ज्या दांड्यावर बसतात त्यात, सापडले. रॉकरपर्यंत ऑइल नेणारे त्यातले छिद्र काळ्या गाळाने जवळजवळ बुजलेले होते. ते तारेने आणि रॉकेलने साफ केले, आणि त्या लोबवर चालणाऱ्या रॉकरच्या टोकाला खड्डे पडलेले असल्यामुळे तो रॉकरही नवा घेतला. जुना खरवडलेला रॉकर नव्या लोबवर बसवला, तर तो नवा लोबही त्याच वाटेने जातो.

जर्नलचा व्यास एका टोकाकडून दुसऱ्याकडे थोडा थोडा वाढत जातो, म्हणून शाफ्ट डिस्ट्रिब्युटरच्या (स्पार्क प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) बाजूनेच आत घालावा लागतो. ऑइल लावून, हलक्या हाताने फिरवत सरकवल्यावर खोक्यातला शाफ्ट कुठेही न अडकता आत गेला, आणि शेवटी दोन बोटांनी फिरवता आला. नव्या भागाबद्दल याहून चांगली खूण मला ठाऊक नाही. पुढे टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा क्रँक आणि कॅम यांना जोडणारा पट्टा, चढवताना कॅमच्या आणि क्रँकच्या पुलीवरच्या खुणा जुळवल्या, पान्ह्याने क्रँकचे दोन पूर्ण फेरे दिले आणि खुणा पुन्हा जुळतात की नाही हे पाहिले, कारण कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि दोन फेऱ्यांनंतरच तो मूळ जागी येतो. डिस्ट्रिब्युटर मात्र पहिल्या वेळी एक दात चुकून बसला होता आणि गाडी सुरू झाली नाही. काढण्याआधी त्याच्या आतल्या रोटरची दिशा खडूने आखून ठेवली असती तर ते पुन्हा उघडावे लागले नसते.

या मूळ भागाबद्दल माझी एकच तक्रार आहे. खोक्यात कॅमशाफ्टचे ऑइल सील येत नाही आणि त्याची कुठे सूचनाही नाही. जुने सील पुन्हा लावण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे त्या एका सीलसाठी मला पुन्हा नाना पेठ गाठावी लागली. शाफ्ट घेतानाच सील, हेड गॅस्केट आणि टॅपेट कव्हरचे गॅस्केट मागून घ्यावे.

आता गाडी १,२०० किलोमीटर चालली आहे. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदलला, तेव्हा थंड इंजिनावर टॅपेटची फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासली. सहाही ठिकाणी ती बसवताना ठेवली होती तितकीच निघाली, आणि खंबाटकीचा घाट गाडी पुन्हा तिसऱ्या गिअरवर चढते.