गंजलेला दात आणि माझे ४७,३०० रुपये

आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे कुजबुज नको. ४७,३०० रुपये गेले. गाडीचं खरं दुखणं नंतर २,७५० रुपयांत बरं झालं. मधला फरक हा माझा मूर्खपणा, असं घरचे म्हणतात. मी म्हणते, त्यातला निम्मा तरी त्या मेकॅनिकचा हरामखोरपणा धरा.

गाडी बाबांची, १९८६ची प्रीमियर पद्मिनी. मागून घूं-घूं असा आवाज यायला लागला. चाळिसाच्या पुढे गेलं की सुरू, साठला सीटपर्यंत कंप. उतारावर गियर काढून पाहिला तरी आवाज तसाच, म्हणजे इंजिन आणि गियरबॉक्स सुटले. उजवीकडच्या वळणावर आवाज वाढायचा, डावीकडे वळलं की मरायचा. हे सगळं मी वहीत लिहून नेलं होतं. सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, निरीक्षणं नोंदवायची सवय आहे. निरीक्षणांचा अर्थ लावायची वेळ आली तेव्हा मात्र ती वही मी त्याच्या हातात दिली आणि त्याने ती न उघडता टूलबॉक्सवर ठेवली.

उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकावर येतो. भार आला की आवाज वाढतो, म्हणजे डाव्या चाकाचं बेरिंग. उत्तर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

माणूस ओळखीतून आलेला. कार्डावर ‘विंटेज स्पेशालिस्ट’. (चाळीस वर्षांची गाडी कागदोपत्री विंटेज होत नाही, त्याला पन्नास लागतात. कार्ड वाचूनच उठायला हवं होतं.) त्याने मागची दोन्ही चाकं उचलून गाडी घोडीवर घेतली, गियर टाकला आणि डावं चाक हाताने पुढे फिरवलं. उजवं मागे फिरलं. ‘बघा ताई, एक इकडे, एक तिकडे. क्राउन-पिनियन खलास.’ (क्राउन-पिनियन म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे वळवणारी दातेरी चाकांची जोडी. ती डिफरन्सियलमध्ये बसते, जो मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो.)

साध्या डिफरन्सियलची मागच्या चाकांवर चालणारी कुठलीही गाडी असंच करते. गियरमुळे प्रोपेलर शाफ्ट (गियरबॉक्सपासून डिफरन्सियलपर्यंतचा फिरता दांडा) अडलेला असतो, म्हणून एक चाक पुढे तर दुसरं मागे. नवीकोरी गाडी आणा, तीही करेल. मग त्याने चाक थोडं मागेपुढे करून ‘कट-कट’ ऐकवलं. तेवढा प्ले, म्हणजे थोडी ढिलाई, दातांत ठेवावीच लागते, नाहीतर दात एकमेकांना खातील. निरोगी गाडीच्या दोन खुणा मला रोग म्हणून दाखवल्या आणि मी मान डोलावली. शाळेच्या पुस्तकात डिफरन्सियल नसतो हो! असता तर शिकवला असता.

पार्ट कुठून आणणार, विचारलं तर उत्तर तयार. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्स्या ऑक्टोबर २०२३मध्ये संपल्या, आता माल मिळत नाही, कुर्ल्याला एकाकडे शेवटचा सेट आहे, आज पैसे टाकले तर उद्या हातात. टॅक्स्यांचं खरं होतं. म्हणूनच बाकीचंही खरं वाटलं. ‘शेवटचा सेट’ हे शब्द ऐकले की पाकीट खिशात टाकायचं आणि घरी यायचं. २०,००० त्याच्या मेहुण्याच्या नंबरवर पाठवले. होय, मेहुण्याच्या. माहीत आहे मला.

चार दिवसांनी बोलावलं. बाकावर मळक्या फडक्यात ‘माझं’ जुनं पिनियन. एक दात मुळापासून उडालेला. ‘अजून एक ट्रिप मारली असती तर चाक जाम झालं असतं, ताई.’ मी ते हातात घेतलं. जड, थंड. तुटलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि बोट तांबडं झालं. गंज.

तो क्षण रोज रात्री आठवतो. पिनियन आयुष्यभर तेलात बुडालेलं असतं. कालपर्यंत गाडीत फिरणारा दात तुटला तर जखम करडी, चमकदार दिसायला हवी. असा गंज चढायला तो तेलाबाहेर बरेच दिवस उघड्यावर पडायला हवा. आणि दात उडालेली गाडी घूं-घूं करत नाही, प्रत्येक फेऱ्याला टक-टक ठोके देते. लोखंडाला गंज चढण्यासाठी हवा आणि पाणी दोन्ही लागतं, हा प्रयोग मी दर वर्षी तीन परीक्षानळ्या मांडून मुलांना दाखवते. तांबडं बोट मी रुमालाला पुसलं. वर पिनियनचा फोटो काढून भावाला पाठवला, ‘बघ, वेळेत लक्षात आलं!’

चिठ्ठी अशी: क्राउन-पिनियन २८,५००, बेरिंग किट ६,८००, तेल पाच लिटर २,५००, मजुरी ९,५००. उरलेले २७,३०० रोख दिले. पक्कं बिल मागितलं तर ‘जीएसटी लागेल’. त्या डिफरन्सियलमध्ये पाच लिटर तेल मावतच नाही. चिठ्ठी वाचतानाच विचारायला हवं होतं, बाकीचं काय तुम्ही प्यालात का.

अकरा दिवस गाडी शांत होती. बाराव्या दिवशी घूं-घूं.

या वेळी एका म्हाताऱ्या फिटरकडे गेले. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी आधी पुढचे-मागचे टायर अदलाबदल करायला लावले. आवाज पुढे सरकला तर टायर, नाहीतर नाही. या चाचणीला एक पैसा लागत नाही, कुठेही जायच्या आधी घरीच करा. आवाज मागेच राहिला. मग ड्रम काढून डावा एक्सल बाहेर ओढला आणि बेरिंग माझ्या तळहातावर फिरवलं. वाळू चावल्यासारखी करकर. जुनंच बेरिंग, वरून नुसतं ग्रीस कोंबलेलं. अकरा दिवसांची शांतता त्या ग्रीसची. ऑइल सीलही गळकं, ब्रेकचे लायनर ओले. बेरिंग, कॉलर, सील, मजुरी मिळून २,७५०.

मग मामांनी मला गाडीखाली बोलावलं आणि रॉकेलचं फडकं डिफरन्सियलच्या हाऊसिंगवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, फिरवलं. बाबांनी १९९९मध्ये खालून काळा रंग मारून घेतला होता. तो थर नटांवरून हाऊसिंगवर अखंड उतरलेला, कुठे पान्ह्याचा ओरखडा नाही. डिफरन्सियल उघडलाच नव्हता. कामाला देण्याआधी नटांवर स्वतः रंगाचा ठिपका द्या आणि फोटो काढा. मला ही अक्कल बाबांच्या रंगाने दिली, तीही उशिरा.

पोलीस ठाण्यात तीन खेपा. पहिल्यांदा साहेब जेवायला. दुसऱ्यांदा साहेब म्हणाले, ‘गाडी चालते ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे.’ भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८, पूर्वीचं ४२०, वाचून दाखवलं तर, ‘मॅडम, इतकी जुनी गाडी ठेवताच कशाला?’ तिसऱ्या खेपेला अर्जावर नुसता आवक शिक्का मिळवायला दीड तास. त्याच दिवशी त्या मेकॅनिकला बोलावलं, चहा पाजला आणि मला तडजोडीचा सल्ला दिला. चहा त्याला, सल्ला मला! मग एका हेल्पलाइनवर तक्रार. एकोणीस दिवसांनी मेसेज: समोरून प्रतिसाद नाही, तक्रार बंद. म्हणजे चोराने फोन उचलला नाही की प्रकरण मिटलं.

जिल्हा ग्राहक आयोगात गेले. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, घटनेपासून दोन वर्षांत जावं लागतं, तेवढं लक्षात ठेवा. नोटीस पोचल्यापासून तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल व्हावा असं २०१९चा कायदा म्हणतो. माझं प्रकरण आठव्या महिन्यात आहे. एकदा सदस्य नव्हते, एकदा त्याचा वकील नव्हता, एकदा दोघं होते तर तज्ज्ञाचा अहवाल मागितला. मामांकडे पन्नास वर्षांचा अनुभव आहे, लेटरहेड नाही. सध्या मी लेटरहेडवाला माणूस शोधते आहे.

‘बाईमाणूस बघून फसवलं’ म्हणणाऱ्यांसाठी: परवा एका निवृत्त इंजिनियर गृहस्थांचा फोन आला. त्यांचीही पद्मिनी, तेच गॅरेज, ४१,०००. त्यांनीही ‘त्यांच्या’ पिनियनचा फोटो काढला होता. दोन्ही फोटो शेजारी ठेवले. उडालेला दात तोच, आणि त्याच्या शेजारच्या दातावर हिरव्या रंगाचा तोच बारीक ठिपका.

प्रकरण आयोगासमोर आहे म्हणून गॅरेजचं नाव लिहीत नाही. पण हिरव्या ठिपक्याचं पिनियन तुम्हालाही दाखवलं असेल, तर फोटो तारखेसकट जपून ठेवा आणि मला कळवा. पुढची सुनावणी सतरा तारखेला आहे.